उतार

तळं गोठायच्या आत फरशी ओतून घे,
थंडी पडली की सिमेंट रुसतं,
काउको म्हणाला. शेजारी आहे, मिक्सर त्याचाच.
पण मी सुरुवात केली भिंतींपासून.

उभ्या खांबांमधे लाकडाची लोकर ठासली,
दोन दिवस शिंकले,
मग वरून बर्चचं प्लायवूड.
शेवटचा तक्ता ठोकण्याआधी
आतल्या खांबावर पेन्सिलीने लिहिलं काहीतरी.
काय ते सांगणार नाही.
भिंतीला कान असतात म्हणे,
माझ्या भिंतीला आता पोट आहे.

फरशीशी मात्र जुनं भांडण.
ही शेड बाबांनी बांधली, एकट्याने,
कुह्मोच्या गिरणीतून स्लेजवर फळ्या ओढत आणून,
आणि जमीन ठेवली वायव्येकडे कललेली.
हातून सुटलेला नट, खिळा, वॉशर, खडू,
माझी निळी गोटी,
घरंगळत जायचं सगळं त्याच कोपऱ्यात.
काही हरवलं की आई म्हणायची,
"जा, कोपऱ्याला विचार."
आणि बाबांना ऐकू जाईल अशा बेताने:
"नाचता येणाऱ्यांचंही अंगण वाकडं असतं हो."

चाळीस वर्षं मीही तेच म्हणत आले.
शाळेत पोरांना सुतारकाम शिकवताना
पाणसळ उंच धरून सांगायचे,
"आमच्या घरी ही नव्हती."
पोरं हसायची. दरवर्षी नवी पोरं, तोच विनोद.

ओल तपासायला
प्लास्टिकचे चौकोन चिकटवले रात्रभर.
सकाळी सगळे कोरडे,
एक सोडून. कोपऱ्यातल्या चौकोनाला आतून घाम.

छिन्नी लावली.
पापुद्रा निघाला, मग मातकट सिमेंट,
मग लोखंडी जाळी, तळहाताएवढी.
मोरी.
खाली नळ, तळ्याच्या दिशेने गेलेला.

मी तिथेच बसले फतकल मारून.
मुइक्कू. इथे ते मासे साफ करत असणार,
माझ्या जन्माआधी, पिंपांनी.
बादली उपडी केली की
खवले, रक्त, मीठ, आपापल्या पायांनी चालत बाहेर.
दोरी ताणून मोजलं:
मीटरमागे एक सेंटिमीटर,
दारापासून जाळीपर्यंत, चारही बाजूंनी.
कुठेही केसाएवढा फरक नाही.
इतकी सरळ तिरकी गोष्ट
मी जन्मात केलेली नाही.

आणि बोलले नाहीत कधी.
आई टोमणा मारायची तेव्हा
कॉफी ढवळत बसायचे,
साखर न घेणारा माणूस.

गाळात हात घातला कोपरापर्यंत.
दोन नट, चाकूचं अर्धं पातं,
गोटी नव्हती.

"बुजवायचं ना?" काउकोने विचारलं, मिक्सर दारात.
उतारावर लेथ थरथरतो,
थरथरत्या लेथवर खुर्चीचा पाय नीट निघत नाही,
आणि मासे मी बाजारातून आणते, साफ केलेले.
"बुजवायचं," म्हटलं.
नळाच्या तोंडात चिंधी कोंबायला मात्र
त्याला वाकू दिलं नाही.

राखाडी रस धिरड्याच्या पिठासारखा पसरत गेला,
आपली आपणच पातळी शोधत.
खिळ्यांच्या बुटांवर आम्ही दोघं
मागे मागे सरत उंबऱ्याबाहेर आलो.
आठ दिवस दार बंद.
नवव्या दिवशी बर्फ.

आज लेथ बसवला. वर पाण्याचा पेला ठेवून चालू केला,
पाणी हललं नाही.
मग कानावरची पेन्सिल पडली.

मी गेले कोपऱ्यात, वाकले,
गुळगुळीत राखाडीवरून हात फिरवत राहिले.

काउको दारात उभा, बुटांचा बर्फ झाडत.
"काय शोधतेस, आउने?"
"पेन्सिल."
ती लेथपाशी पडलीय, पडली तिथेच.
त्यालाही दिसतेय.
तो काही बोलत नाही,
बूट झाडत राहतो.